मिळालं म्हटलं की

मी पाणीपुरवठा कंपनीत आवक-जावक कारकून आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर द्यायचा, रजिस्टरात चढवायचा आणि ज्याचा त्याला पोचवायचा, हे काम मी सव्वीस वर्षं करतोय. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकलं की लोक विचारतात, "काका, तुम्हाला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" फारसं नाही कळत. पण कागद मिळाला की मिळाला म्हणायचं आणि एकदा म्हटलं की तो आपला, एवढं कळतं. आमच्या साहेबांना तेवढंही कळत नव्हतं. खरं म्हणजे कळत होतं, म्हणून तर अजून माझं डोकं फिरतं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या अख्ख्या ऑफिसचा मेल एका फुकटच्या खात्यावर चालायचा. खातं एक, माणसं अकरा, आणि पासवर्ड कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. कोण काय वाचतंय, कोण काय पुसतंय, कशाचाच पत्ता नव्हता. एका सोमवारी ते खातंच बंद पडलं. आत चार वर्षांच्या तक्रारी, आणि दाद मागायला समोर माणूस नाही. नुसता एक चौकोन यायचा: 'आपण आपणच आहात हे सिद्ध करा.' आता अकरा जणांनी एकच माणूस असल्याचं सिद्ध कसं करायचं?

मग साहेबांनी सर्व्हरताईला बोलावलं. हे नाव तिला नंतर पडलं, पण आता मलाही दुसरं सुचत नाही. बिलाची मशीनं सांभाळायला तिला घेतलं होतं. चाळिशीची, किरकोळ अंगाची, सदानकदा कुठल्यातरी टेबलाखाली. हाक मारली की उत्तर खालून यायचं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवरा रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर. दोघं ड्यूट्या जुळवून आजींची उस्तवार करायची, त्यामुळे साडेपाचच्या ठोक्याला ती निघायची आणि तोवर दोघांचं काम एकटी उपसायची.

"आपला स्वतःचा मेल सर्व्हर लावते," ती म्हणाली. "पण घाई करायची नाही. अर्धवट लावलेला मेल सर्व्हर नसलेल्यापेक्षा वाईट."

दुसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलाच्या पाठीमागे स्टेशनरीची खोली आहे. तिथे रिमांच्या गठ्ठ्यांशेजारी तिने बिलाचं एक जुनं मशीन मांडलं, पोटातली धूळ काढली आणि त्यावर लिनक्स घातलं. मी विचारलं, "फुकट मिळतं म्हणून का?"

"तेही आहेच. पण आत काय चाललंय ते दिसतं म्हणून. ह्याला काही विचारलं की खरं उत्तर देतं."

मला समजावं म्हणून ती माझ्याच भाषेत सांगायची. एक प्रोग्राम पत्रं आणणारा-नेणारा. दुसरा प्रत्येकाच्या पेटीत ठेवणारा आणि मागितल्यावर काढून देणारा. तिसरा दाराशी उभा राहून कचरा अडवणारा. पाकिटं वाटेत कोणी फोडू नयेत म्हणून सर्टिफिकेट. आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर आमचाच असा एक शिक्का, जो दुसऱ्याला मारता येणार नाही. शिक्का म्हटल्यावर मी खुर्ची सरकवून जवळ घेतली.

आठ दिवसांत मशीन चालू झालं, आणि आम्ही पाठवलेलं पहिलंच पत्र समोरच्याच्या कचऱ्याच्या पेटीत जाऊन पडलं. दुसरं तिथेच. तिसरंही. ताईने शोधून काढलं. आमच्या जोडणीच्या नंबरावरून उलट चौकशी केली तर आमचं नाव यायला हवं होतं, ते येत नव्हतं. ती नोंद आमच्या हातात नव्हती, इंटरनेटची लाइन देणाऱ्या कंपनीच्या हातात होती. एका ओळीची नोंद! त्यासाठी ताईने तीन आठवडे फोन केले. दर वेळी आधी वाद्यसंगीत, मग 'तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे', मग एखादा माणूस यायचा आणि विचारायचा, "मॅडम, राउटर बंद करून चालू केला का?" एकदा तिने फोन ठेवला आणि रिमांच्या गठ्ठ्यावर अशी बुक्की मारली की माझ्या हातातला चहा सांडला. मग स्वतःच फडकं आणलं, टेबल पुसलं आणि पुन्हा फोन लावला. बाविसाव्या दिवशी नोंद झाली.

त्या दिवशी तिने मला खोलीत बोलावलं. "काका, या. ह्याच्याशी हाताने बोलून दाखवते."

काळ्या पडद्यावर ती एकेक ओळ टाइप करत गेली. आधी रामराम. मग पत्र कोणाकडून. मग कोणाला. मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीत एकटा ठिपका. मशीनने लगेच एक ओळ दिली. सुरुवातीला आकडा, दोनशे पन्नास.

"हा आकडा बघा. दोनशे पन्नास म्हणजे 'मिळालं'. तेही नुसतं मिळालं असं नाही. आता ह्या पत्राची जबाबदारी माझी. पोचवीन, नाही पोचलं तर तुला कळवीन, पण गप्प बसणार नाही. जगातले सगळे मेल सर्व्हर ह्या एका वचनावर चालतात."

"आणि नको असेल तर?"

"तर दारातच पाचशे पन्नास म्हणायचं. घेत नाही. पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. दोन्ही प्रामाणिक."

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, माझ्या रजिस्टरात ह्याच्या नोंदी हव्यात. तिने सोय करून दिली. रोज सकाळी दहाला सर्व्हर माझ्याकडे यादी पाठवायचा. काल कोणाचं पत्र किती वाजता आलं, त्याचा नंबर काय, पुढे त्याचं काय झालं. मी यादी समोर ठेवून रजिस्टरात चढवायचो. साहेबांचे सहायक हसायचे. साहेब काहीही बोलले की ते 'हो, हो' म्हणायचे, म्हणून आम्ही त्यांना होहो म्हणत असू. "काका, मशीन लिहून ठेवतंय, तुम्ही कशाला परत खर्डेघाशी करता?" मी लक्ष दिलं नाही.

यादीत रोज एक पत्ता असायचा. रसायनशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गल्लीत नळाला गढूळ पाणी यायला लागलं होतं. त्या रोज सकाळी बाटलीत पाणी भरायच्या, चिठ्ठी लावायच्या, वास आणि रंग लिहायच्या, काही तपासण्या घरीच करायच्या आणि आठच्या आत मेल पाठवायच्या. दोनदा पिशवीभर बाटल्या घेऊन ऑफिसातही आल्या. तेव्हापासून सगळे त्यांना बाटलीबाई म्हणायला लागले. मीही म्हणायचो. पत्रं तक्रार विभागात जायची आणि तिथेच निजायची.

बाई मग प्रत्येक पत्राची प्रत साहेबांना पाठवू लागल्या. सातव्या दिवशी साहेबांनी ताईला बोलावलं. मी सह्यांची फाइल घेऊन तिथेच उभा होतो, त्यामुळे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"त्या बाईचे मेल मला दिसायला नकोत," साहेब म्हणाले. "पण तिला कळता कामा नये. तिला वाटू दे पोचतायत."

"म्हणजे घ्यायचे आणि फेकून द्यायचे?"

"बरोबर. होतं ना तसं?"

"होतं," ताई म्हणाली. "मी करणार नाही. घ्यायचे नसतील तर नाकारते. मिळालं म्हणून सांगायचं आणि फेकायचं, हे होणार नाही. ते खोटं आहे, साहेब."

"अहो, मशीनचं काय खरं नि खोटं!"

"मशीन माझ्या सांगण्यावरून बोलतं. खोटं माझंच होईल."

साहेब वैतागले. "काय करायचं ते करा. तिचे मेल बंद करा म्हणजे झालं."

"लेखी द्या."

साहेबांनी टिपणीच्या कागदावर खरडलं, 'सदर पत्त्यावरून येणारे मेल बंद करावेत', सही ठोकली आणि कागद भिरकावला. तो माझ्या पायाशी पडला. मी उचलला, टेबलावर नेला, जावक नंबर दिला, शिक्का मारला आणि ताईच्या हातात ठेवला. असा प्रसंग माझ्यावर एकदा येऊन गेला होता.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचे साहेब दुसरे. एका दुकानदाराचं पत्र आलं, रस्त्यावरच्या आपल्या कंपनीच्या चेंबरचं झाकण फुटलंय म्हणून. साहेब म्हणाले, आठवडाभर चढवू नका, ठेकेदार बदलतोय. मी ते पत्र खणात ठेवलं. पाचव्या दिवशी एक स्कूटरवाला त्या चेंबरात गेला. जीव वाचला, पण पायाने अधू झाला. चौकशीत मी सांगितलं, पत्र आलंच नव्हतं. नोंदच नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. बायकोला सांगितलं, दुसऱ्या कोणाला आजवर नाही.

ताईने आदेश अक्षरशः पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं पत्र आलं आणि सर्व्हरने दारातच उत्तर दिलं: पाचशे पन्नास, आपले मेल संचालकांच्या लेखी आदेशाने स्वीकारले जात नाहीत. खाली आदेशाचा जावक नंबर आणि तारीख.

बाईंनी त्याची मोठ्या अक्षरांत छपाई काढली आणि गल्लीतल्या प्रत्येक दारावर डकवली. तीन दिवसांनी ती एका वर्तमानपत्रात आली. साहेबांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून आमच्यापर्यंत यायला लागला.

"आदेशाचा नंबर टाकायला कोणी सांगितलं होतं?"

"नाकारायचं तर कारण द्यावं लागतं," ताई म्हणाली. "खरं कारण तेच होतं."

त्याच दुपारी होहो तिच्या बदलीचा कागद घेऊन आले. प्रशासकीय सोयीसाठी, पंपिंग स्टेशनचं भांडार. बसने जायला दीड तास, यायला दीड तास. व्हॉल्व्ह, पाइप आणि जुने मीटर मोजायचे. जिने तीन आठवडे फोनवर घसा कोरडा करून कंपनीचं पत्र माणसात आणलं, तिने आता नट-बोल्ट मोजायचे! सासूबाईंसाठी नवऱ्याला ड्यूटी बदलून घ्यावी लागली आणि त्याला मिळणारा रात्रपाळीचा भत्ता गेला. मी म्हटलं, "ताई, अर्ज कर." ती म्हणाली, "करते. तुम्ही आवक नंबर द्याल ना?" अर्ज केला, मी नंबर दिला, तो साहेबांच्या टेबलावर पडून राहिला.

पासवर्ड तिने नियमाप्रमाणे बंद पाकिटात सील करून दिले. मला वाटलं होतं, काहीतरी मोडून ठेवून जाईल. मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो. तिने उलट सहा पानं हाताने लिहून ठेवली, कुठे काय आहे आणि काय बिघडलं तर काय करायचं.

मग बाहेरून एक ठेकेदार आला. अर्ध्या तासात काम उरकून गेला. ती सहा पानं त्याने उलगडूनही पाहिली नाहीत. त्यामुळे सकाळी दहाला मला एक यादी जाते, हे त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत बाईंचा पत्ता परत दिसला. मला वाटलं, लाज वाटली बहुतेक, बंदी उठवली. मग ओळीच्या शेवटी पाहिलं. तिथे एक इंग्रजी शब्द होता, तो मी शब्दकोशात शोधला. टाकून देणे. बाईंच्या बाजूला उत्तर दोनशे पन्नास, मिळालं. आमच्या बाजूला थेट केराच्या टोपलीत. टोपली तरी बरी, उचकटून बघता येते. इथे पत्राचा मागमूसही उरत नव्हता. ताईने ज्याला नाही म्हटलं होतं, नेमकं तेच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाई रोज पहाटे उठून बाटल्या भरतात, मशीन त्यांना मिळालं म्हणून सांगतं, आणि त्यांना वाटतं कोणीतरी वाचतंय!

घरी जेवताना मी त्या यादीचा कागद ताटाशेजारी ठेवला. बायकोने विचारलं, मी सांगितलं. ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तेव्हा गप्प बसलात. आता पुन्हा बसणार?"

सकाळी मी येताना लाल शाईचं पेन घेऊन आलो. रजिस्टरात लिहिलं: आवक नंबर, तारीख, वेळ, बाईंचा पत्ता, सर्व्हरचा नंबर. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने: मिळाले. टाकून दिले. पुढच्या दिवशी पुन्हा. मग रोज. होहो रोज माझ्या टेबलावरून जायचे, पण रजिस्टर उघडून बघावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. मला कोणी मोजतच नव्हतं. आदल्या दिवशीच्या यादीची छपाई मी रजिस्टराच्या मागच्या खिशात ठेवत गेलो.

पंचविसाव्या नोंदीच्या सुमारास त्या गल्लीतली मुलं आजारी पडायला लागली. कावीळ. चार, मग नऊ, मग चौदा. दवाखान्यातल्या डॉक्टरने वर कळवलं आणि आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाई आमच्याकडे आल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, पायांत रबरी बूट. आधी गल्लीत जाऊन आल्या होत्या, बुटांना चिखल होता.

साहेबांनी मला चहाचं सांगायला बोलावलं होतं. निरीक्षक बाई म्हणाल्या, "चहा नको. तक्रारी कधीपासून येतायत?"

"मध्ये एका बाईंवरून गैरसमज झाला होता," साहेब गोड हसले. "आमच्या एका कर्मचारिणीने परस्पर काहीतरी केलं. आम्ही लगेच दुरुस्त केलं. त्यानंतर महिनाभर त्यांची एकही तक्रार नाही. समाधान झालं असणार."

"हो, हो," होहो म्हणाले.

चौदा मुलं पिवळी पडलीत आणि हा माणूस समाधान म्हणतोय! वर दोष ताईच्या माथी!

"आवक रजिस्टर आहे?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"ते आता कोण ठेवतं! सगळं मेलवर—"

"मी ठेवतो," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

रजिस्टर आणलं आणि टेबलावर उघडलं. निरीक्षक बाई बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. पान उलटलं, पुन्हा वाचलं. लाल ओळी एकतीस होत्या. मागच्या खिशातल्या छपाया काढून त्यांनी चार ठिकाणी नंबर ताडून पाहिले.

"टाकून दिले म्हणजे काय?"

मी सांगितलं. दोनशे पन्नास म्हणजे काय, पाचशे पन्नास म्हणजे काय, ताईने कशाला नाही म्हटलं, मग काय झालं. सांगता सांगता बारा वर्षांपूर्वीच्या चेंबरचंही सांगून टाकलं. त्याची गरज नव्हती, पण ते आपोआप बाहेर आलं. साहेब ओरडले, "हा माणूस स्वतःच कबूल करतोय की खोटं बोलला होता!"

"तेव्हा बोललो होतो," मी म्हटलं. "म्हणून आज नाही बोलणार."

चार दिवसांत गल्ली खणली. पिण्याच्या पाण्याच्या पाइपाचा सांधा सुटला होता आणि दोन हातांवरून ड्रेनेजची लाइन फुटकी जात होती. सहा आठवड्यांहून जास्त दिवस बाटलीबाई हेच लिहीत होत्या. मुलं बरी झाली. एक मुलगी मात्र दीड महिना दवाखान्यात होती, तिचं शाळेचं वर्ष गेलं.

साहेबांचं काय झालं म्हणाल, तर ते रजेवर गेले आणि मग दुसऱ्या कार्यालयात बसले. ऐकतो की तिथली खोली मोठी आहे. मला जुन्या प्रकरणाबद्दल नोटीस आली. ती मी स्वतःच्या हाताने आवकेत चढवली आणि शिक्षा म्हणून एक वेतनवाढ गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ताईला परत आणलं, तेही 'प्रशासकीय सोयीसाठी'च. तिचं बरोबर होतं, असं एका कागदावर कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं.

परत आल्यावर तिने ठेकेदाराने घातलेला, पत्रं टाकून देणारा तो नियम काढून टाकला आणि बाटलीबाईंना फोन केला. मी शेजारी होतो. "बाई, तुमची ती एकतीस पत्रं आमच्याकडे राहिली नाहीत. तुमच्याकडे प्रती असतील तर पुन्हा पाठवाल का?"

पलीकडून आवाज इतका चढा आला की मलाही ऐकू आला. "मुळीच नाही! तुम्ही मिळालं म्हणाला होतात. प्रत्येकाचं उत्तर द्या!"

ताईने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बरोबर बोलल्या."

नवे साहेब म्हणाले, एकच माफीचं पत्र पाठवा, विषय संपवा. ताई ऐकेना, मीही ऐकेना. शेवटी ते म्हणाले, करा काय करायचं ते, मी सही करतो. आम्ही आठवडाभर बसलो. रजिस्टरातून तारीख काढायची, त्या दिवशी त्या भागात काय केलं आणि काय केलं नाही ते विभागाकडून लिहून घ्यायचं, उत्तर तयार करायचं. बहुतेक उत्तरांत एकच वाक्य होतं: त्या दिवशी आम्ही काहीही केले नाही. विभागातले लोक ते लिहून द्यायला तयार नव्हते. ताई प्रत्येकाच्या टेबलासमोर उभी राहिली, लिहून होईपर्यंत हलली नाही. एकतीस पत्रं, एकतीस जावक नंबर. एकेक करून सर्व्हरवरून गेली आणि समोरून एकतीस वेळा दोनशे पन्नास आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत बाईंचं उत्तर हजर. ताईने मोठ्याने वाचून दाखवलं. सगळी उत्तरं मिळाली. सतराव्या पत्रात 'गढूळ' ऱ्हस्व लिहिलं आहे, ते दीर्घ हवं, दुरुस्त करून पाठवावं.

सतरावं पत्र मी टाइप केलं होतं. मला राग आला, अगदी खरा राग आला. मग खुर्ची ओढली, शब्द दुरुस्त केला आणि नवा जावक नंबर टाकून पत्र पुन्हा पाठवलं.